रश्मीच्या ट्रेवरचं फूल

रश्मीला या धंद्यात मी आणलं, हे आधीच सांगून टाकते, कारण आजकाल कुणी विचारतच नाही.

माझं शिक्षण कापडाच्या डिझाईनचं, तिचं जीवाणूंचं. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात आम्ही दोघी चहाच्या गोड पाण्यात जीवाणू वाढवतो. दुधावर साय धरते तसा त्या पाण्यावर जाड थर धरतो, म्हणून आम्ही त्याला सायच म्हणतो. ती वाळली की चामड्यासारखी होते. त्यासाठी ना जनावर मारावं लागतं, ना प्लास्टिक वापरावं लागतं. साय तिने वाढवायची आणि तिच्या पिशव्या, पाकिटं मी करायची, असं ठरलं होतं. तिने मशीनवर बसून माझ्यापेक्षा सरळ शिवण घालावी, असं काही ठरलं नव्हतं.

पण बाईसाहेब हुशार. आता पाहुणे गाळ्यात शिरले की विचारतात, "रश्मी मॅडम कुठेयत?" मी समोरच उभी असते, चांगली धडधाकट.

बाहेरच्यांचं जाऊ दे, माझी सख्खी आईसुद्धा तिच्याच बाजूची. रश्मी बोरीवलीला आमच्या घरी येते, बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खाते आणि वर विचारते, "मावशी, तिरफळं कधी घातलीत?" आई विरघळते. मी जन्मभर तेच तिखलं खात आले, पण तिरफळांची चौकशी कधी केली नाही ना! "शीक जरा तिच्याकडून," हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

दिवाळीनंतर नव्या कापडांचं एक मोठं प्रदर्शन होतं. एका गाळ्याची एकच साय तिथे लागणार होती, आणि तिच्याखाली एकच नाव. रश्मी म्हणाली, "दोघी वेगवेगळे ट्रे लावूया. जी चांगली येईल ती पाठवू." तिला काय जातंय म्हणायला! मला ते नाव हवं होतं. इतकं हवं होतं, की रोज सकाळी मी आधी तिच्या ट्रेमध्ये डोकावायचे आणि मग माझ्या. आणि या खेपेला माझी साय तिच्याहून नितळ आली होती. तिनेच तसं म्हटलं, तेही हसत. तिचं ते हसणंही मला सहन झालं नाही.

दसऱ्याला रश्मीच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. निघताना तिने नेहमीचे नियम पुन्हा ऐकवले. झाकणाचं फडकं हलवायचं नाही, हात स्पिरिटने पुसायचे, बाहेरची कुठलीही वस्तू ट्रेवर ठेवायची नाही. जणू मी काल आले.

दसऱ्याच्या सकाळी आई माझ्याबरोबर गाळ्यावर आली. आमच्यात हत्यारांची पूजा चुकत नाही. मशीन, कात्री, इस्त्री, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. पेढे गाडीतच राहिले होते, ते आणायला मी खाली गेले. परत येऊन बघते तर रश्मीच्या ट्रेच्या कडेला हळदीची बोटं, आणि फडक्यावर परडीतला सगळ्यात मोठा, पाणी शिंपडलेला झेंडू. माझ्या ट्रेवर काहीच नाही.

"माझ्यावर?" मी विचारलं.

"तुजी तू करशीत गो," आई म्हणाली. "ता चेडू हय नाय, तेची पूजा कोण करतला?" चेडू म्हणजे पोरगी, आणि इथे ती रश्मी.

आणि पेढे घेऊन ती शेजारच्या गाळ्यांत वाटायला गेली.

मी त्या फुलाकडे बघत राहिले. पाहुणे तिचे, कौतुक तिचं, आता माझ्या आईच्या हातचं फूलही तिचंच? मी ते उचललं आणि माझ्या ट्रेवर ठेवलं. नियम मला माहीत होता. पण नियम रश्मीचे, ते रश्मीने पाळावेत. मला ते फूल हवं होतं, बस. मग आई आली, घाईघाईने निघालो, कुलूप लागलं आणि सुट्टीत गाळा बंद राहिला.

सुट्टीनंतर गेले तेव्हा रश्मी आधीच आली होती आणि माझ्या ट्रेपाशी उभी होती. ओलं फूल कुजून फडक्यासकट आत टेकलं होतं, आणि सायीवर हिरवी-काळी बुरशी पसरली होती. बुरशी लागली की सगळा ट्रे फेकावा लागतो, तुकडाही वाचत नाही. तिची साय शेजारी स्वच्छ, कडेला तेवढी हळद.

"मावशींनी फूल माझ्या ट्रेवर ठेवलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तू ते उचललंस."

"हो."

"पूजेचं फूल कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून स्वतःच्या ट्रेवर ठेवलंस? वेडी आहेस का गं गंधाली?" तिचे डोळे भरून आले. "माझी साय वाचवायला स्वतःच्या सायीची वाट लावलीस!"

मी सरळ सांगितलं, "नाही गं. जळले मी तुझ्यावर. आईने तुला ठेवलं आणि मला नाही, म्हणून उचललं."

"गप यार!" ती रडता रडता हसली. "खोटं तरी नीट बोल ना."

मी पुन्हा सांगितलं, पार शपथ घेऊन. तोवर तिने आईला फोन लावला होता, स्पीकरवर. तिने सगळं सांगितलं. आई भरल्या गळ्याने म्हणाली, "माजा चेडू असाच आसा गो. बरा काय केल्यान, की लपवता."

असं आई माझ्याबद्दल कधीच बोलली नव्हती. तिसऱ्यांदा खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

दुपारी प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी तेजल साय न्यायला आली, तेव्हा रश्मीने चिठ्ठी लिहून तयार ठेवली होती. साय तिची आणि खाली नाव माझं. मी नको म्हटलं, तर तेजललाही माझं कौतुक वाटलं.

आता बिल्डिंगमध्ये आई जिन्यात भेटेल त्याला ती गोष्ट सांगते. मैत्रिणीसाठी स्वतःची मेहनत घालवणारी गंधाली. रश्मी निदान समोर असते, तिच्याशी भांडता तरी येतं. या गंधालीशी मी कशी भांडू? आईला जशी मुलगी हवी होती तशी अखेर मिळाली, आणि ती मी नाही.