हँडब्रेकसाहेबांची लेक

"बाप परवाने वाटतो आणि लेक बसच्या रांगेत उभी," बायको म्हणाली आणि तिने चहाचा कप असा ठेवला की बशीनेसुद्धा तिचीच बाजू घेतली.

"वाटत नाही. परीक्षा घेतो," साहेब म्हणाले.

"तेच ते. आज तिची परीक्षा आहे. जरा शब्द टाका."

"टाकला की. कालच लेखी दिलंय."

बायकोचा चेहरा उजळला. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला शहाणपण सुचलं होतं. "काय लिहिलंत?"

"उमेदवार माझी मुलगी आहे. सबब मी तिची परीक्षा घेणार नाही, निकालात चांगलं-वाईट काही बोलणारही नाही."

"हे शब्द टाकणं झालं? हे तर पोरीला टाकणं झालं! सोमवारी परवाना दाखवला नाही तर रक्तपेढीची नोकरी दुसऱ्याला जाईल, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. रक्तपेढीच्या गाडीवर चालक म्हणून लेकीची निवड झाली, त्या दिवशी साहेबांनी ती बातमी दूधवाल्याला दोनदा सांगितली होती. शेजारच्या शहरातल्या कचेरीत परीक्षेची तारीख पुढच्या महिन्यातली मिळत होती, म्हणून नाइलाजाने ती वडिलांच्याच कचेरीत येणार होती.

लेक बूट चढवत म्हणाली, "आई, राहू दे. मी येते चालवून."

कचेरीत साहेबांना माघारी 'हँडब्रेक' म्हणत. सगळं सुरळीत चाललेलं असताना हा माणूस मध्येच आवळला जातो, असं एजंट लोकांचं मत होतं. साहेबांना हे नाव माहीत होतं आणि त्यांना ती एक प्रकारची बढतीच वाटे. खरी बढती बरीच वर्षं झालेली नव्हती.

आपल्या माणसाच्या कामात सरकारी माणसाने हात घालू नये, घालतोय अशी शंकाही येऊ देऊ नये, हा नियम कचेरीच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता. त्याच्या खिळ्याला शिपाई आपली छत्री अडकवत असे.

साहेबांनी तो पाळला आणि परिणाम बरोबर उलटा झाला. काल सकाळपर्यंत ती नुसती उमेदवार होती. साहेबांच्या कागदाने ती सहीशिक्क्यानिशी साहेबांची मुलगी झाली. शिपायाने तिच्यासाठी खुर्ची पुसली. कारकुनाने स्वतःच्या डब्याशेजारचा पंखा तिच्याकडे वळवला. असा मान मंत्र्यालाही मिळाला नव्हता. अर्थात, मंत्री कधी परवान्याला आले नव्हते.

धाकटे तपासनीस, ज्यांच्याकडे तिची परीक्षा होती, ते तर भारावलेच होते.

"साहेब, मानलं तुम्हाला! शिफारस तर केलीत, पण नियमात बसवून!"

"ती शिफारस नाही हो. उलट आहे."

"कळलं, कळलं," म्हणून त्यांनी डोळा मिचकावला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. आता आणखी खुलासा करायचा तर तोही तोंड घालण्यातच जमा. बोलायची सोय नाही, गप्प बसायचीही नाही. शेवटी मैदानापासून शक्य तितकं दूर जावं म्हणून ते वरच्या मजल्यावर दप्तरखान्यात जाऊन बसले.

दप्तरखान्याला एकच खिडकी होती, आणि ती नेमकी मैदानातल्या परीक्षेच्या चढावर उघडत होती.

बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मग इंजिनाचा आवाज आला. लेकीने वळणं सफाईने घेतली असावीत, कारण चुकीची शिट्टी वाजली नाही. गाडी चढावर येऊन थांबली. आता ती इथून मागे न सरकता पुढे काढायची. साहेब उठले. फक्त हवा घ्यायला.

लेकीने वर पाहिलं. खिडकीत बाबा दिसले. गाडी पुढे निघाली, पण त्याआधी हातभर मागे आली.

चढ संपल्यावर दोघं खाली उतरली. धाकट्या साहेबांचा आवाज वरपर्यंत आला. "झकास! पास."

"सर, गाडी मागे आली."

"छे! मला नाही दिसली."

"मला कळली ना."

"अगं, आली असेल हातभर. तेवढ्याने काय होतंय?"

"हातभर जागेत माणूस मावतो, सर."

नापास झालेल्या प्रत्येक उमेदवाराला खिडकीतले साहेब हेच वाक्य ऐकवत आले होते. उमेदवार ते ऐकत आणि बाहेर जाऊन त्यांना शिव्या देत. घरी त्यांनी ते कधी तरी जेवताना म्हटलं असेल. घरात आपलं कोणी ऐकतं, हा शोध त्यांना आज लागला.

धाकट्या साहेबांनी गोंधळून वर पाहिलं. नुसती मान हलवा, इकडे किंवा तिकडे, असं ते पाहणं होतं. सोमवार साहेबांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि समोरच्या धुळकट कपाटाकडे, जणू त्याचीच परीक्षा असावी, तसे बघत राहिले.

खाली धाकटे साहेब खाकरले. "बरं... मग चढ पुन्हा द्यावा लागेल. पुढल्या महिन्यात."

"चालेल, सर."

संध्याकाळी बापलेक एकाच बसने निघाले. तिने रक्तपेढीला फोन करून सांगितलं होतं. तिकडून 'बरं' एवढंच आलं होतं.

"तुम्ही खिडकीत होतात," ती म्हणाली.

"होतो. चुकलंच ते."

"नियमात खिडकीचं काही नाहीये, बाबा."

"घालायला हवं."

ती हसली, पण तिचे डोळे भरलेले होते. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा शेजारी मागे वळला. "काय मग, मिळाला ना परवाना? घरचीच कचेरी!"

"नापास झाली!" साहेब म्हणाले. पहिला नंबर आलेल्या पोरीचे बाप ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात. निम्मी बस वळून बघू लागली.

"बाबा, हळू."

"का म्हणून? चढावर नापास झाली," त्यांनी उरलेल्या निम्म्या बसलाही सांगितलं.

शेजारी पुढे वळला. पुलाच्या चढावर बस थांबली. साहेबांचा उजवा पाय सवयीने खाली दाबला गेला. त्यांनी पाहिलं, बाजूला लेकीचा बूटही तसाच घट्ट दाबलेला होता.

बस निघाली. मागे तसूभरही न सरकता.