बारीक निब आणि आलेवाडीची पत्रं

मित्रांनो, मी एक जुना शाईपेन आहे. रंगाने गडद तपकिरी, टोपणाची पट्टी एका अंगाला ढिली झालेली. दप्तरात असतात तसल्या पेनांसारखा मी नाही. माझी निब फार बारीक आहे, तिची रेघ केसासारखी उमटते. या बारीकपणापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आणि त्याच्याचमुळे एका घराच्या उपयोगीही पडलो. माझ्या टोकातून एक खोटी ओळही लिहिली गेली, एकदा नाही, पुष्कळदा. तेही तुम्हाला सांगणार आहे.

मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात माझं अंग कातलं गेलं आणि तिथून मी पालघर स्टेशनाबाहेरच्या एका दुकानात आलो. ते साल एकोणीसशे शहात्तर. गिऱ्हाईक यायचं, काचेवरच्या रद्दी कागदावर माझ्याने आपलं नाव लिहून बघायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "याचं टोक टोचतंय. दुसरा दाखवा." जाड निबेचे माझे सोबती भराभर खपले. मी दोन वर्षं त्याच डब्यात राहिलो.

मग एके दिवशी नागोराव आले. परभणीकडचा माणूस, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात यंत्रांवरची घड्याळं आणि काटे सांभाळायच्या कामाला. दर तासाला काट्यांचे आकडे एका तक्त्यात लिहायचे आणि तक्त्यातली घरं ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यांनी माझ्याने सात-आठ आकडे लिहिले, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हाच पाहिजे."

नागोरावांचा हात हलका होता. ते मला दाबत नसत, नुसते कागदावरून नेत. दर रविवारी कोमट पाण्याने धूत आणि जुन्या धोतराच्या फडक्याने टिपत. कारखान्यातले साहेब तक्ता बघून म्हणायचे, "नागोरावांचे आकडे छापल्यासारखे." ते ऐकताना मला फार बरं वाटे. अशी सात वर्षं गेली.

माझं बिघडलं ते एका दुपारी. बन्सी नावाच्या त्यांच्या सोबत्याने सहीसाठी मला मागून घेतलं आणि बोलता बोलता मी त्याच्या हातून निसटलो. पडलो तो थेट टोकावर. बन्सीने उचलून सही केली, ती कागद फाडत गेली. तो म्हणाला, "हा लिहितो का कोरतो?" त्याच महिन्यात कारखान्याने सगळ्यांना बॉलपेनं वाटली. नागोरावांनी मला घरी नेलं आणि 'बघू कधीतरी' असं म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं. पोटातली शाई वाळून खडा झाली. दोन वर्षं मी अंधारात सुया, बटणं आणि जुन्या पावत्यांबरोबर पडून होतो.

नागोरावांचं बिऱ्हाड बेटेगावच्या वाटेवरच्या एका चाळीत होतं. त्यांच्या पत्नी गोजराबाई. सातवीपर्यंत शिकलेल्या, बोलायला कमी, मनाने हळव्या. दर बुधवारी आलेवाडीहून जमना नावाची कोळीण सुक्या मासळीची पाटी घेऊन चाळीत यायची. गोजराबाईंना आधी मासळीचा वासही सोसत नसे. पण जमना पाणी प्यायला त्यांच्याच दारात टेकायची, आणि हळूहळू दोघींची बसउठ झाली.

जमनाचा नवरा दामू. घरची होडी फुटल्यावर तो गुजरातकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. भर समुद्रात ती बोट हद्दीची रेघ ओलांडून गेली आणि पलीकडच्या पहाऱ्याने सगळ्यांना पकडून कराचीच्या तुरुंगात टाकलं. बोटीच्या मालकाने निरोप धाडला, त्यानंतर आठ महिने काहीच कळलं नाही. नवव्या महिन्यात पत्र आलं. जमनाने ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाटीतल्या बोंबलांच्या खाली ठेवून आणलं.

"बाय, मला वाचता येत नाय," ती गोजराबाईंना म्हणाली. "गावात दाखवलं तर चार तोंडांची चार बोलनी व्हतील. तुमी वाचा."

दामूला लिहिता येत नव्हतं. कोणा सोबत्याने हिंदीत लिहून दिलं होतं. मी जिवंत आहे, आईला सांभाळ, पोरीला शाळेतून काढू नको, एवढंच. गोजराबाईंनी ते दोनदा वाचलं. जमना रडली नाही. म्हणाली, "आता जबाब कसा लिवायचा ते सांगा."

पालघरच्या टपाल कचेरीतून जमनाने परदेशी पाठवायचं पत्र आणलं. पातळ निळा कागद, घडी घातली की त्याचंच पाकीट होतं, आत दुसरी चिठ्ठी घालता येत नाही. म्हणजे आठ महिन्यांचं सगळं बोलणं त्या एका कागदावर बसवायचं होतं. बॉलपेनची रेघ जाड, शिवाय मागच्या बाजूला उमटायची. गोजराबाईंना मी आठवलो. त्यांनी खणातून मला काढलं, भिजवलं, शाई भरली आणि लिहायला बसल्या. जमनाबरोबर तिची सासू येसूबाईही आली होती. ती उंबऱ्याला टेकून बसली.

मित्रांनो, मी मनापासून प्रयत्न केला. पण पहिल्याच ओळीला माझी खरखर सुरू झाली. गोजराबाईंना लिहायची सवय सुटलेली, त्या जास्त दाबू लागल्या. 'चिरंजीव दामूस' या शब्दांवर शाई उडाली, आणि पुढे पोरीचं नाव लिहिताना माझं टोक रुतलं व कागद टराटर फाटला. येसूबाईने फाटका कागद हातात घेतला आणि मांडीवर ठेवून सरळ करू लागली.

गोजराबाईंचा चेहरा उतरला. त्या तशाच उठल्या आणि दारातल्या शहाबादी फरशीवर मला घासायला वाकल्या. तेवढ्यात नागोराव पहिल्या पाळीहून परतले.

"काय करायलीस?"

"खडबडीत झालाय. घासते."

"थांब. घासलंस तर बारीकपणाच जाईल त्याचा. दे इकडं."

त्यांनी आपलं भिंग काढलं, मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग गोजराबाईंच्या हातात भिंग दिलं. "बघ. मधी चीर आहे, तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. एक वर आलीय, केसाएवढी. निब खडबडीत नाही, दोघींची पातळी चुकलीय. वरची पाकळी कागदात घुसायलीय."

त्यांनी अंगठ्याच्या नखाने वरची पाकळी अलगद दाबली, भिंगातून पाहिलं, पुन्हा दाबली. असं सात-आठ वेळा. पितळेची कागदाहून पातळ पट्टी चिरेतून फिरवली, तेव्हा वाळलेली शाई आणि कागदाचे तंतू बाहेर आले. शेवटी झिजून गुळगुळीत झालेल्या पॉलिश कागदावर इंग्रजी आठाचा आकडा चार वेळा गिरवला, जराही भार न देता. "यापेक्षा जास्त नाही," ते म्हणाले. "या टोकाला धातूच किती! आणि तू दाबू नको. थोडा आवाज राहील, राहू दे. बारीक निब एकदम गप्प कधीच होत नसते."

पुढच्या बुधवारी दुसरा कागद आला आणि मी तो सगळा भरला. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील किती घातले, छपराची कौलं कुणी चाळून दिली, लेक शकू तिसरीत कितवी आली, हे सगळं मी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं. शेवटी येसूबाई म्हणाली, "माजा आंगठा पन घाला. त्याला वाचता येत नाय, पन आंगठा वलखंल." गोजराबाईंनी माझ्यातला शाईचा एक थेंब तिच्या अंगठ्यावर सोडला. तिने तो कागदाच्या कोपऱ्यात टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

पाच पत्रांवर तिचा अंगठा आहे. सहाव्या पत्राला जमना एकटी आली.

"सासू गेली," ती म्हणाली. "मंगलवारी. तीन दिवस ताप व्हता."

गोजराबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. जमना म्हणाली, "लिवा, आई बरी हाय."

"खोटं लिहू?"

"तो तिथं भिंतीत कोंडलाय, बाय. हितं रडला असता तर चार मानसं धरायला असती. तिथं कोन धरनार? आला की मी माज्या तोंडानं सांगंन."

गोजराबाईंनी मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मी कागदावर टेकलो आणि लिहिलं, 'आई बरी आहे.' त्या वेळी माझी जराही खरखर झाली नाही. झाली असती तर बरं, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी दामूचा जबाब आला. 'आईचा अंगठा का नाही?' एवढंच त्यात विचारलं होतं. जमनाने गोजराबाईंकडे पाहिलं आणि स्वतःचा अंगठा पुढे केला. मी त्यावर थेंब सोडला. त्यानंतरच्या जबाबात लिहून आलं, 'अंगठा पोचला. आईला नमस्कार सांग.' मग दर पत्राला तसंच होत गेलं. इकडून 'आई बरी आहे' आणि एक अंगठा, तिकडून आईला नमस्कार. गोजराबाई ती ओळ लिहून झाली की मला धूत, टिपत आणि मग कितीतरी वेळ नुसत्या बसून राहत.

एकोणीसशे एक्याण्णव साली दामू सुटला. घरी पोचून आठवडा झाल्यावर तो जमनाबरोबर चाळीत आला. केस पांढरे झालेले, कुठे बसावं ते समजेना म्हणून उभाच. गोजराबाईंना त्याच्याकडे वर बघवेना.

"दामूभाऊ, ती ओळ मी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली."

"मला म्हाईत व्हतं, बाय," दामू म्हणाला.

जमनाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती.

"आईचा आंगठा कोयत्यानं कापलेला, माज्या लानपनी. ठशात मधून पांढरी रेघ यायची. ती रेघ आली नाय, तवाच समजलो. रडलो तिथंच. माज्या कोठडीतली सात जनं व्हती धराया." मग तो जमनाकडे वळला. "तू यवढं सांभालत व्हतीस. मी कालजी नको म्हनून नमस्कार धाडत ऱ्हायलो."

जमनाने पदर तोंडाला लावला. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. नागोराव उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

थोड्या वेळाने दामू खाली बसला. "बाय, एक काम हाय. ती सात जनं अजून तिथंच हायेत. त्यांच्या घरी कायच कलत नाय. त्यांची नावं न गावं मी पाठ केल्यात. लिवता येत नवतं, म्हनून रोज सकाली म्हनायचो, पोरं पाढे म्हनतात तशी. आता इसरायच्या आधी लिवून घ्या."

गोजराबाई लगेच बसल्या. दामू डोळे मिटून एकेक नाव सांगू लागला. बापाचं नाव, गाव, घराजवळची खूण. पहिला जानू, माकुणसारचा, त्याच्या घरी जमना स्वतः जाणार होती. पुढचे पाच गुजरातच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या घरी धाडायची पत्रं गोजराबाईंनी आपल्याला जमेल तशा हिंदीत लिहिली. तुमचा माणूस जिवंत आहे, त्याच्याबरोबर राहिलेला माणूस हे सांगतो आहे. एवढाच मजकूर, पण एकही शब्द खोटा नव्हता.

सातवा सुका. डोंगराकडचा खलाशी. आईचं नाव सांगितलं, घरामागे मोहाचं झाड आहे तेही सांगितलं, आणि दामू थांबला. गावाचं नाव येईना. त्याने पहिल्यापासून पुन्हा सगळी नावं म्हटली, तरी येईना. कपाळावर घाम आला. "काल पातूर व्हतं," तो म्हणत राहिला. गोजराबाईंनी सुकाच्या घरचं पत्र लिहून पत्त्याची जागा मोकळी ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी दामू एकटाच आला. पायरीच्या खालूनच म्हणाला, "बाय, उपलाट. जालं इनताना तोंडात आलं. लिवा, नायतर परत इसरंन."

गोजराबाईंनी माझं टोपण काढलं. तीन दिवसांत टोकावरची शाई वाळली होती, पहिली रेघ उमटलीच नाही. त्यांनी घाई केली नाही, झटकलंही नाही. माझं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवलं, फडक्याने टिपलं, उजेडात धरून पाहिलं आणि हात हलका ठेवून ते गाव लिहिलं. दामू वर येऊन, वाचता येत नसतानाही, शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात माझ्यासारखा एखादा पेन असेल. त्याच्या पोटात शाई वाळू देऊ नका. खरखरला म्हणून त्याला लगेच फरशीवर घासू नका, फेकूही नका. आधी उजेडात धरून बघा, पुष्कळदा केसाएवढाच फरक असतो. त्याच्या हातून अजून कुणाच्या तरी गावाचं नाव लिहायचं राहिलेलं असेल.