मोटेचा नाडा मैदानावर

मी एक जुना नाडा आहे. परकराचा नव्हे, मोटेचा. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. नंतर मी कोणाचे ऐकून घेणार नाही.

घायपाताच्या वाखापासून गावात दोर वळणाऱ्या छबूबाईने आणि तिच्या घरधन्याने मला वळले, मनगटाएवढा जाड. कासारवाडीच्या कोंडाजीच्या विहिरीवर मी पाण्याने भरलेली कातडी मोट वर ओढत असे. बैल विहिरीपुढच्या धावेच्या उतारावरून उतरू लागले की कोंडाजी माझ्यावर बसून गाणे म्हणायचा. त्याने बैलांवर कधी आवाज चढवला नाही. दटावले की बैल बिचकतो आणि पाणी वाटेतच सांडते, हे तो जाणून होता.

तोच कोंडाजी जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, गेला की निराळाच माणूस व्हायचा. गाड्याच्या बरोबरीने धावायचा, उपरणे फिरवायचा, घसा फोडून ओरडायचा. घाटाची रीतच तशी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढे विहिरीवर इंजीन बसले आणि मी गोठ्यातल्या खुंटीला लटकलो. ज्याने अख्ख्या मळ्याला पाणी पाजले त्याला उंदरांनी कुरतडावे! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेवढ्यात पिंपरीला नवी कंपनी आली आणि तिच्या वसाहतीतली पोरे फुटबॉल खेळू लागली. यशवंतराव मास्तरांनी आमच्या गावच्या पोरांचाही संघ उभा केला. कोंडाजीचा ज्योतीराम गोल राखायचा. गावाने फुटबॉल पाहिला नव्हता, घाट तेवढा पाहिला होता. त्यामुळे पहिल्याच सामन्याला बापमंडळी चुन्याची रेघ तुडवत पोरांच्या बरोबरीने धावू लागली. वसाहतीतले इस्त्रीच्या कपड्यांतले बापही काही कमी नव्हते, ते मास्तरांच्या शिट्टीलाच शिव्या घालत होते. बापाचा आवाज आला की ज्योतीरामची नजर चेंडूवरून उडे. एक चेंडू त्याच्या पायांतून गेला, तर कोंडाजीने आत घुसून सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

घरी आल्यावर पोरगा गोठ्यात बसून रडला. आता परत खेळायचे नाही, असे त्याने बैलांना सांगितले. खुंटीवरून मी सगळे ऐकले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दोर मागायला आले आणि कोंडाजीने कशाला हवा हेही न विचारता मला देऊन टाकले. मास्तरांनी ज्योतीरामची समजूत घातली. मग सामन्याच्या दिवशी मला रेघेबाहेर खुंट्यांना ताणून बांधले आणि बजावले की, जो बाप हा दोर ओलांडील, त्याचे पोर बाहेर बसेल.

सामना ऐन रंगात आला आणि कोंडाजी माझ्यावर धावून आला. ज्याला मी जन्मभर अंगावर बसवले, त्याच्या मांडीला मी आडवा गेलो. वाकलो, पण खुंटा सोडला नाही. त्याने टांग टाकलीच. शिट्टी वाजली. मास्तर काही बोलायच्या आत ज्योतीराम गोल सोडून आला, मला ओलांडून बाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आता तुमी खेळा. मी हितनं वरडतो."

कोणी हसले नाही. कोंडाजी चाचरत म्हणाला, "आरं, तुला जोर यावा म्हनून वरडतो मी."

"मी काय शर्यतीचा बैल हाय? मोटंवर तर कधी वरडला न्हाई तुमी."

कोंडाजीने खाली पाहिले आणि मला ओळखले. तो मला ओलांडून बाहेर आला. चूक माझी, पोराला खेळू द्या, अशी त्याने मास्तरांची विनवणी केली, पण मास्तर बधले नाहीत. ज्योतीराम बाहेर बसला आणि आम्ही हरलो. मला त्याचे वाईट वाटले, पण नियम सैल झाला असता तर अधिक वाटले असते.

पुढच्या सामन्याला कोंडाजी माझ्याजवळ उकिडवा बसला. ज्योतीरामवर गोल झाला तेव्हा त्याने मला मुठीत असे आवळले की माझे वाख करकरले. तोंडातून मात्र शब्द नाही. मग हळूच तो मोटेवरचे गाणे गुणगुणू लागला. ज्योतीरामने एकदा वळून पाहिले आणि पुढचा चेंडू छातीशी घट्ट धरला.

आता माझे पदर सुटत चालले आहेत. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याबद्दलच. म्हणून सांगतो मित्रांनो, मला उंदरांच्या हवाली करू नका. उन्हातून उचला, कोरडा ठेवा आणि खेळ असेल त्या दिवशी मैदानाच्या कडेला ताणून बांधा. मग येऊ देत कोणाला ओरडत यायचे ते. मी कोंडाजीला आडवा गेलो, तिथे तुमच्या बापाची काय कथा!