मुंबईतली घोंगडी

मुंबईला जायचा बेत माझा, वही माझी आणि तोराही माझाच. नेकनूरच्या शाळेत चौदा वर्षं शिकवतेय, तेव्हा सहल आखायची म्हणजे माझ्या हातचा मळ. काळा घोडा भागात संग्रहालयं जवळजवळ आहेत, असं कळल्यावर मी सकाळी एक, दुपारी दुसरं, चारला तिसरं आणि रात्री परतीची गाडी, असं सगळं मिनिटांसकट मांडून ठेवलं. आई म्हणजे छबुबाई. ती सगळं ऐकून घ्यायची आणि दर वेळी एकच विचारायची, घोंगडी कितव्या नंबराला हाय?

सगळा खटाटोप त्या घोंगडीसाठीच होता. आईची आई तुळजाबाई उमापूरची. मेंढरांमागं हिंडताना तिनं कातलेल्या लोकरीची एक जुनी घोंगडी चाळीसेक वर्षांपूर्वी कुणी अभ्यासक बाई मागून घेऊन गेल्या. पुढं आजी वारली, आणि तिच्या हातचं दुसरं काही घरात उरलं नाही. मागच्या महिन्यात मोबाईलवर मुंबईच्या एका लहान संग्रहालयातला फोटो दिसला. काचेच्या कपाटात घोंगडी आणि खाली पाटी: 'सूत कातणारी तुळजाबाई, उमापूर, जि. बीड.' पाटी मी आईला वाचून दाखवली. फोटो मात्र तिला दिसला नाही.

आईला काचबिंदू आहे. बीडच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. थेंब घालून आहे ती नजर टिकली तर टिकली, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही, म्हणाले. जे बघायचं ते आत्ताच बघायला हवं होतं.

माझा धाकटा भाऊ सोमेश्वर वस्तीवर आईजवळ राहतो आणि मेंढरं राखतो. मुलखाचा घुम्या. माझा बेत ऐकून त्यानं तीनच गोष्टी विचारल्या: पाणी कुठं, सावली कुठं, आईला बसायला जागा कुठं. मुंबई आहे ती, माळरान नव्हे, असं मी त्याला सुनावलं. तो उठून मेंढरांकडं गेला.

जायला आठ दिवस राहिले आणि हा पठ्ठ्या गायब. फोन बंद. मेंढरं शेजारच्या परमेश्वरच्या कळपात घातलेली. सोमेश्वरची बायको मनकर्णा बाळंतपणाला माहेरी, म्हणजे घरात विचारावं तर कुणी नाही. परमेश्वर म्हणाला, दोन दिवस सांभाळतो, पण पुढच्या आठवड्यात आष्टीला लग्न आहे, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका. आम्ही जाणार त्या दिवसांसाठीच मी परमेश्वरला गळ घालणार होते. माझं डोकंच फिरलं. दोन दिवस मी सोमेश्वरला येता-जाता शिव्या मोजल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. त्याला चहासुद्धा न विचारता मी उखडले.

"कशापायी गेलतास? आन् कुठं?"

"मुंबईला. जागा बघाया."

आमच्यात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवायच्या आधी एक जण पुढं जातो. पाणी किती, चारा कसा, शेताचा मालक कसल्या स्वभावाचा, हे डोळ्यांनी बघून येतो. तोवर एक मेंढरू जागचं हलत नाही. ही रीत मी परकरात असल्यापासून पाहिलेली. पण आईलाही तसंच जपून न्यायला हवं, हे माझ्या डी.एड.ला सुचलं नव्हतं.

मग तो बोलला. जन्मात एवढा बोलला नसेल. तीन संग्रहालयं आईच्यानं होणार नाहीत, एकच करायचं. पायऱ्या अकरा, पण मागच्या बाजूनं उतार आहे आणि पहारेकरी चांगला माणूस आहे. आणि मुख्य म्हणजे घोंगडीची खोली अंधारी. उजेडानं जुनी लोकर खराब होते म्हणून दिवा मुद्दाम मंद ठेवलेला, त्यावर काच. त्यालाच नीट दिसेना, तर आईला काय दिसणार?

मी वही मिटली. माझ्या वहीप्रमाणे गेलो असतो तर आई एवढ्या लांब जाऊन अंधाराकडं बघून परत आली असती.

तो त्या कपाटासमोर तीन तास बसून राहिला होता. शेवटी आतल्या अधिकारी बाई चौकशीला आल्या. घोंगडीला चिंचोक्याची खळ कशी देतात, काळ्या लोकरीला रंग का द्यावा लागत नाही, हे त्यांच्या कागदात नव्हतं. त्यानं सांगितलं आणि बाईंनी उतरवून घेतलं. जाताना त्यानं आईच्या डोळ्यांचं सांगितलं. मंगळवारी अकरा वाजता घोंगडी काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवू, असं शिक्का मारलेलं पत्र बाईंनी त्याच्या हातात दिलं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग त्याला म्हणाले, "सोम्या, चुकलं माझं. तू होतास म्हणून."

तो म्हणाला, मंगळवारी तू आईला ने, मी मेंढरांजवळ थांबतो. मी ऐकलं नाही. जो जागा बघून येतो तोच पुढं चालतो, हीही आमचीच रीत. शाळेत रजा टाकली होतीच. काठी मी घेतली.

मंगळवारी नेकनूरच्या माळावर मेंढरांनी माझी पार दैना केली. चौदा वर्षं वर्ग आवरणाऱ्या बाईला एक बोकड आवरेना. सव्वाअकराला फोन वाजला. पलीकडं आई होती.

"दिसली का गं?" मी विचारलं.

"दिसली, मोहिने. लई लख्ख दिसली." मग म्हणाली, "मी नऊ वर्साची असताना पैल्यांदा सूत कातलं. लई जाडं झालतं, समद्या हसल्या. मला वाटलं, आईनं फेकून दिलं आसंल. न्हाई गं. कडंला हाय की हितं. तिनं माझं सूत हिच्यात विणाया दिलं हुतं."