मनगटावर बेतलेलं शून्य

 चारुदत्तच्या माडीवरच्या कारखान्यात टेबलावर ईसीजीचे, हृदयाची लहर कागदावर उतरवणारे यंत्र झाकण काढून पडले होते. शेजारी चारुदत्तने टाइप करवून आणलेला दाखला, ‘तपासणीअंती यंत्र निर्दोष’, आणि त्याखाली यंत्रे तपासणाऱ्या प्रमिलाच्या सहीसाठी कोरी जागा. उंबऱ्याशी साळू बसून होती. तिच्या मुठीत त्याच यंत्रातून निघालेली कागदी पट्टी होती.

तिच्या नवऱ्याची, गोमाची. बेलपाड्याकडच्या वीटभट्टीवर छातीत कळ येऊन गोमा मटकन बसला, तेव्हा मुकादमाने त्याला पनवेलला दवाखान्यात आणले. यंत्राचे पेन कागदाच्या वरच्या काठाला चिकटले आणि सरळ रेघ ओढत राहिले. वायर सैल असेल म्हणून डॉक्टरांनी गोळी देऊन त्याला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी कच्च्या विटांच्या रांगेत तो आडवा झाला, तो उठलाच नाही. आता चौकशी लागली होती आणि डॉक्टरांना दाखला हवा होता.

“कर ना सही,” चारुदत्त म्हणाला. “सतरा दवाखान्यांत आपली यंत्रं आहेत, प्रमिला. एकावर बोट ठेवलंस की सगळी परत येतील. मग बस तू ट्रान्झिस्टर दुरुस्त करत.”

“सर, मी तेव्हाच सांगितलं होतं.”

सांगितले होतेच. कातडीला धातू टेकला की तिथे आपोआप एक विद्युतदाब उपजतो. हृदयाच्या लहरीहून शेकडो पट मोठा असू शकणारा, आणि माणसागणिक वेगळा. म्हणून लहर आधी थोडीच वाढवायची, मध्ये कपॅसिटर घालून तो आगंतुक दाब अडवायचा आणि मगच उरलेली लहर मोठी करायची. पण कपॅसिटर असला की पेन स्थिरावायला काही सेकंद लागत आणि डॉक्टर कुरकुरत. चारुदत्तने कपॅसिटर काढून टाकला, सगळी वाढ पहिल्याच टप्प्यात घातली. मग धातूच्या पट्ट्या स्वतःच्या हातापायांना लावून, स्क्रू फिरवत पेन कागदाच्या मधोमध आणले आणि स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला, तो पुन्हा हलू नये म्हणून. “माझ्या हातावर चाललं म्हणजे सगळ्यांच्या चालणार,” तो हसून म्हणाला होता. “रक्त सगळ्यांचं लालच ना?” प्रत्येक यंत्राचे शून्य असे त्या एकाच, पंख्याखाली बसणाऱ्या, रोज साबण लागणाऱ्या मनगटावर बेतलेले; दुसऱ्याच्या कातडीचा दाब वेगळा निघाला की पेन काठाला जाऊन अडकणार.

प्रमिलाने दाखला बाजूला सारला. “साळूबाई, इकडे या. हात द्या.”

“मना सुई नको गो बाय.”

“सुई नाही. नुसतं बघायचंय.”

“तिला कशाला मध्ये घेतेस?” चारुदत्तचा आवाज चढला.

चिखलाने भेगाळलेल्या मनगटांना आणि घोट्यांना प्रमिलाने पट्ट्या आवळल्या, बटण दाबले. पेन एकदाच उसळले, वरच्या काठाला टेकले, आणि तिथेच राहिले. रेघ. हुबेहूब तशीच.

साळूने मुठीतली पट्टी उलगडून नव्या रेघेशेजारी धरली. कितीतरी वेळ ती या कागदावरून त्या कागदावर पाहत होती.

“मी तं जिती हाय,” ती चारुदत्तला म्हणाली. “मंग तवा तो बी जिताच व्हता ना, सायेब?”

चारुदत्तने बिनसहीचा दाखला उचलला, त्याची नीट चौपदरी घडी घातली. चपला पायांत सरकवल्या आणि तो जिना उतरून गेला.