शेजाऱ्याचा वाटा

"तुम्ही बेकार नाही," रोजगार कचेरीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "इथं तुम्ही शेतकरी दिसताय."

आपा हसल्या. काचेतल्या अर्धगोल भोकापाशी वाकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "पोरी, ही नखं बघ. वीसेक हिवाळे कोळसा ढकललाय. शेतकऱ्याची नखं अशी असतात होय?"

मी मागे उभी होते, एरासिल कडेवर. अडीच वर्षांचं पोर, जड झालं होतं आणि माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलं होतं. अर्जदाराचं नाव त्या मुलीने आधी मलाच विचारलं होतं, आणि मी खाली मान घालून उभी राहिले होते. आमच्यात सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. सासूला मी आपा म्हणते, तेवढंच. शेवटी त्यांनीच "कुमिसाय" असं सांगितलं आणि वर टोमणा मारला, "माझी सून फोनवर सगळं जग शोधते, माझं नाव तेवढं तिला सापडत नाही." तेव्हा रांग हसली होती. आता कुणी हसत नव्हतं.

आपा शाळेच्या बॉयलरवर होत्या. उन्हाळ्यात शाळेला गॅस आला, आणि आपांना निरोपाचा एक थर्मास आणि फुलांचा गुच्छ. गॅसची नळी शाळेच्या कुंपणापर्यंत आली, आमच्या गल्लीत वळली नाही. नोकरी गेली की सरकार काही महिने भत्ता देतं, त्यासाठी पगारातून दर महिन्याला कापून घेतलेलं असतं. मी फोनवरून अर्ज भरला. पानं झडली, डबकी गोठायला लागली, तरी फोनवर एकच ओळ: तपासणी चालू आहे. माझा नवरा पश्चिमेला तेलविहिरींवर, त्याचा पगार कर्जाच्या हप्त्यात जातो. आमच्या कोळशाच्या खोलीत झाडून गोळा केलेली भुकटी तेवढी होती. जिने साऱ्या शाळेची पोरं उबेत ठेवली, तिच्या घरी सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता.

"कुठलं शेत गं?" आपांनी विचारलं.

मुलीने वाचून दाखवलं. आपांच्या दिराच्या नावावर नोंदलेल्या शेतात आणि कळपात आपा सभासद होत्या. सभासद म्हणजे मालक, आणि मालकाला बेकारीचा भत्ता कसा मिळणार?

आपांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. मलाही.

एरासिल पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा आम्ही सासऱ्यांच्या गावी गेलो होतो. बाळाच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधायचा आणि ज्याच्यासारखी चाल व्हावी असं वाटतं त्याच्या हातून तो कापून घ्यायचा, अशी आमची रीत. दोरा कापायला थोरले बसले. थोरले म्हणजे आपांचे मोठे दीर. त्यांचंही नाव मी घेत नाही. त्यांनी दोरा कापला आणि भर मांडवात कळपातली एक घोडी पोराच्या नावाने केली. पिवळसर अंग, काळी आयाळ. आणि म्हणाले, "धाकट्याची बायको इतकी वर्षं बाहेर राहिली. आता तिचंही नाव शेतात घालतो. धाकट्याची जमीन तिच्या नावाने राहील." आपा त्या दिवशी शालीआड रडल्या. नवरा गेल्यापासून गावात त्यांना कुणी आपलं म्हटलं नव्हतं. तेव्हा सही करताना त्यांनी पेन इतका दाबला होता, की कागद फाटेल असं मला वाटलं.

"नाव काढून घ्या," खिडकीतली मुलगी हळू आवाजात म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर पेरिझात लिहिलं होतं. "नाव निघाल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही. माझ्या हातात काही नाही, आपा." मग म्हणाली, "मी तुमच्याच शाळेतली. ओले हातमोजे तुमच्या पाइपांवर वाळत घालायचे आम्ही."

"एक तरी हरवला का कधी?"

"नाही."

"मग बरं," आपा म्हणाल्या. "तुमचं यंत्र मात्र आख्खं माणूस हरवतं."

*

थोरल्यांनी चहा पाजला. लोणी-पाव समोर ठेवला. आपांनी कपाला हात लावला नाही, आधी विषय काढला.

"भांडण नाही, भावजी. कागदाचा घोळ आहे. नाव तेवढं काढा. घोडी पोराची राहू दे."

थोरले मिशीला हात लावून म्हणाले, "घोडी कळपाची. कळप शेताचा. नावच काढलंस तर घोडी बांधशील कुठं? कोळशाच्या खोलीत? ती तर रिकामीच आहे म्हणे."

त्यांची बायको फिस्सकन हसली आणि उगाच चहाची किटली पुसायला लागली.

"आणि यांची जमीन?" आपांनी विचारलं. 'यांची' म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तेही नाव आपांनी कधी घेतलेलं मी ऐकलं नाही.

"जमीन कुठं पळून जाते? घरातच आहे ना."

"कुणाच्या घरात?"

थोरले उठले. "चल, उशीर नको. नोटरी दुपारी जेवायला जातो."

सासरे आजारी असताना थोरल्यांच्या याच गाडीसाठी आपांनी किती फोन केले होते. तेव्हा बॅटरी बसलेली असायची. त्या दिवशी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. नोटरीचे पैसेही थोरल्यांनीच भरले. "राहू दे, तुझी तंगी आहे," म्हणाले. आपांनी सही केली. या वेळी पेन अजिबात दाबला नाही.

परतताना कुंपणापाशी घोडी उभी होती. एरासिलने गाडीच्या काचेवर तळवा आपटून तिला हाक मारली. तिने कान हलवले. आपा सरळ समोर बघत बसल्या.

*

नाव निघालं, तरी यंत्रात ते बरेच दिवस तसंच दिसत राहिलं. आम्ही जायचो, रांगेत उभ्या राहायचो, यायचो. एकदा पेरिझातने आपली साहेबीण जेवायला गेलेली बघून आमच्यासमोरच कर कार्यालयात फोन लावला. "अहो, बाई निघाल्या त्या शेतातून! तुमच्याकडेच अडकल्यात. मी काय त्यांना कुदळ देऊन पाठवू का?" त्यानंतर आठवडाभरात ते नाव पुसलं गेलं. मग तिने आम्हाला बोलावून घेतलं.

"आपा, रागावू नका. पैसे मिळतील. पण नवीन अर्जापासून. सभासद होता तेवढे महिने धरता येत नाहीत."

"म्हणजे ते महिने मी शेतकरी होते."

"कागदावर."

"मग त्या महिन्यांचं पीक तरी कुणी घरी आणून द्यायला हवं होतं," आपा म्हणाल्या, आणि शालीचं टोक तोंडाशी धरून बाहेर आल्या. पायऱ्यांवर बर्फ होतं. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "पोराला धर. मला बर्फावर चालता येतं."

पहिला हप्ता आला त्याच दिवशी करागंदाच्या खाणीतला कोळसा दारात ओतला गेला. आपांनी मला फावड्याला हात लावू दिला नाही. मोठे खडे एका बाजूला, बारीक एका बाजूला, शाळेत रचायच्या तसेच रचले. मग चूल पेटवली. काडी एकच लागली.

संध्याकाळी गावच्या गाडीवाल्याने पिशवी आणून दिली. "थोरल्यांकडे हिवाळ्याच्या बेगमीचं जनावर कापलं," तो म्हणाला. "काळ्या आयाळीची होती ना, तीच. वांझ निघाली म्हणे."

शेतात नाव घातल्यावर, गेल्या हिवाळ्यात, त्या घरातून आपांसाठी कमरेचं हाड आलं होतं. आमच्यात कोणाला कुठलं हाड पाठवलं, यावरून तो घरात कुठे बसतो ते कळतं. कमरेचं हाड घरातल्या मानाच्या बाईला, बरगडी शेजाऱ्यापाजाऱ्याला. मी पिशवी पातेल्यात रिकामी केली. एक बरगडी होती आणि थोडं फुप्फुस.

आपांनी पातेल्यात एकदा पाहिलं. "मीठ बेताचं घाल," एवढंच म्हणाल्या.

मांस शिजलं तेव्हा मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. घरात मोठ्या त्याच, दुसऱ्या कुणासमोर ठेवणार? त्यांनी बरगडी उचलली, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि एरासिलच्या हातात दिली.

"खा रे. तुझाच वाटा आहे."

तो दोन्ही मुठींत धरून चोखायला लागला. हनुवटीवरून ओघळ मानेपर्यंत गेला. त्याला काय ठाऊक! मी पुसायला वाकले, तर आपांनी मला हाताने थांबवलं. त्या चुलीपाशी सरकल्या, तिचं लोखंडी दार उघडून आत आणखी एक खडा टाकला, मग अजून एक. खोली शाळेसारखी तापली. खिडकीवरचं बर्फ आतल्या बाजूने वितळून ओघळायला लागलं, आणि आपांनी उठून एरासिलचे ओले हातमोजे चुलीच्या कठड्यावर वाळत घातले, जोडीने, अंगठे आत करून.