परीक्षेला बसलेला घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे असं म्हटलं की ऐकणारा आधी माझं डोकं शोधतो. शोधू नका. मला डोकं नाही, शेपूटही नाही. चार लाकडी पाय, त्यांवर चामड्याची लांबट पाठ आणि पाठीत ठासून भरलेले केस, एवढाच मी. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या एका गिरणीगावच्या शाळेत मुलांनी माझ्यावरून उड्या माराव्यात म्हणून मला बनवलं. डोकं नसल्यामुळे पुष्कळ गोष्टी माझ्या लक्षात येत नाहीत, हे आधीच कबूल करतो. जी गोष्ट सांगणार आहे तीही मला नीटशी उमगलेली नाही. पण ती घडली माझ्याच पाठीवर, तेव्हा सांगायचा हक्क माझा.

माझं लाकूड तीन हिवाळे वाळवलेलं आहे. माझ्या पोटात सतरा घोड्यांचे केस आहेत. त्यांतला एक शर्यतीचा होता, आणि थंडी वाढली की तो अजून आतून ढुशा देतो. खोटं वाटत असेल तर कान लावून पाहा.

माझ्या उमेदीच्या काळात दिवसाला दोनशे मुलं माझ्यावरून उडत. धावत यायचं, फळीवर पाय आपटायचा, माझ्या पाठीवर हात टेकायचे आणि पलीकडे. आर्नल्ड नावाचा एक मुलगा एकदा असा उडाला की छताला जाऊन टेकला, आणि वर तुळईत वर्षभर अडकलेला चेंडू घेऊन खाली आला. काही लोक म्हणतात, चेंडू आदल्या दिवशीच पडला होता. ते लोक तेव्हा तिथे नव्हते, मी होतो.

मग मऊ गाद्या आल्या, नियमांच्या वह्या आल्या. एका मुलाचं मनगट मोडलं. तेही माझ्यावर नाही, माझ्याकडे धावत येताना. पण मलाच ढकलत मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. तिथे फाटकी जाळी, हवा गेलेले चेंडू आणि मी, अशी आमची बावीस वर्षं गेली. पाठीवर इतकी धूळ साचली की तिच्यात उंदरांच्या वाटा पडल्या.

अशात गेल्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दार उघडलं. शाळेचे केअरटेकर मिस्टर ऑग्डन हातात यादी घेऊन आत आले. मुख्याध्यापिकाबाईंना ही खोली सायकली ठेवायला हवी होती.

"जाळी, भंगारात," ते पुटपुटले आणि यादीवर खूण केली. "चेंडू, भंगारात." मग माझ्यापुढे येऊन थांबले. बराच वेळ पेन्सिल कागदाला टेकेना. "घोडा," ते म्हणाले. "शुक्रवारी चार वाजता गाडी येईल रे तुझी."

खूण केली ती अगदी बारीक.

म्हणजे माझे चार दिवस उरले होते. एवढं मात्र डोकं नसतानाही मला समजलं.

पुढचं ऐका. त्याच दुपारी दार पुन्हा उघडलं आणि सतरा वर्षांची तीन मुलं आत घुसली. सगळ्यांत पुढे कीली अॅक्रॉइड, मागे कॅमेरा घेतलेला हरून, आणि त्याच्यामागे चिप्स खाणारी टॅम्सिन. त्यांच्या बाई, मिस पिकर्सगिल, गार झालेल्या चहाचा कप धरून दारातच उभ्या राहिल्या.

"मिस, हीच खोली," कीली म्हणाली. "इथे पाच मिनिटं एकटी राहिले तर रडेन मी."

"तू जेवणाच्या रांगेतही रडतेस," हरून म्हणाला.

"त्या दिवशी कस्टर्ड संपलं होतं. ते कारण वेगळं."

मिस पिकर्सगिल म्हणाल्या, "नियम लक्षात आहे ना? दोन मिनिटं, फक्त सुरुवात. आणि भूत दाखवायचं नाही."

"मग दाखवायचं काय?" टॅम्सिनने विचारलं.

"ते येणार आहे, एवढंच."

हळूहळू मला उलगडा झाला. या मुलांना परीक्षेसाठी एका भयपटाची पहिली दोन मिनिटं बनवायची होती. उरलेला चित्रपट ती बनवणार नव्हती. कुणीच बनवणार नव्हतं. आता सांगा, धावत यायचं, माझ्या पाठीवर हात टेकायचे आणि तिथेच थांबून गुण घ्यायचे, याला उडी कोण म्हणेल? पण इथे त्यालाच उडी म्हणत होते.

कीलीने जमिनीवर बसून कागदावर बारा चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात मला काढलं.

"हा पाव कशाला काढलास?" हरूनने विचारलं.

"घोडा आहे तो."

"मग बाजूला लिही. परीक्षकाला भूक लागेल."

मग हरूनने मान वाकडी करून माझी धूळ पाहिली. मी शरमलो. बावीस वर्षांत कुणी पाहुणा आला नव्हता, आणि आला तेव्हा हा अवतार. पण तो म्हणाला, "काय धूळ आहे बघ. विकत घेऊन अशी मिळायची नाही. कुणी हात लावायचा नाही हं याला." त्याने चारी बाजूंनी माझे फोटो काढले. उडी चुकवणाऱ्या पोरांनी मला शिव्या दिलेल्या आहेत, जिंकणाऱ्यांनी थापटलेलं आहे. पण माझ्या मळाची स्तुती पहिल्यांदाच झाली. आनंद मानावा की अपमान, ते मला ठरवता येईना.

मंगळवारी टॅम्सिन मेली. बुधवारी ती दारातून आत आली.

मित्रांनो, चूक माझी नाही. घडलं ते तसंच घडलं. मंगळवारी ती माझ्या आडोशाला लपली, कशाला तरी घाबरून किंचाळली आणि खाली कोसळली. साखरेच्या पाकात लाल रंग कालवून केलेलं रक्त हरूनने माझ्या पाठीवरून ओघळू दिलं. मला इतकं वाईट वाटलं की पोटातला शर्यतीचा घोडासुद्धा गप्प झाला. "कट," कीली म्हणाली. टॅम्सिन उठली, चिप्स खाल्ल्या आणि पुन्हा मेली. असं चौदा वेळा झालं. नवव्या खेपेला मेलेल्या टॅम्सिनला शिंक आली. आणि बुधवारी, कॅमेरा माझ्या रक्त नसलेल्या बाजूला लावल्यावर, तीच मुलगी, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, पहिल्यांदाच ही खोली बघत असल्यासारखी दार ढकलून आत आली. आधी मरायचं आणि मग यायचं, ही कुठली रीत? आमच्या काळी मुलं आधी धावत येत, मग पडत.

बुधवारी संध्याकाळपर्यंत बारांपैकी अकरा चौकोन झाले. शेवटचा उरला. त्यात मुलगी नाही, खोली रिकामी, फक्त मी. माझ्या रक्ताळलेल्या धुळीवर कुणा न दिसणाऱ्याच्या हाताची पाच बोटं उमटलेली दिसायची, की झालं. तो शुक्रवारी सकाळी घ्यायचा ठरला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मिस्टर ऑग्डन आले. बादली, साबण, चामड्याला लावायचं मेण आणि आपल्या घरचा मऊ फडका, एवढं घेऊन आले. माझ्याशेजारी बाकडं ओढून बसले.

"चौऱ्याहत्तर साली तुझ्यावर पडून माझा दात गेला," ते मला म्हणाले. "समोरचा. तो पाडलास म्हणून मोरीन हसली, आणि हसली म्हणून बोलली. एकेचाळीस वर्षं संसार झाला आमचा." त्यांनी फडका बादलीत बुडवला आणि बराच वेळ पिळला. मोरीन आता नाहीत, एवढं मला त्या पिळण्यावरून कळलं. "उद्या जायचंच आहे तुला. तर नीट जा, माणसासारखा."

आणि त्यांनी मला पुसलं, मित्रांनो. कोपरे काढले, जळमटं काढली. पाक वाळून चिकटला होता, तो नखाने सोलला. पाठीला मेण चोळलं, पितळी खिळा न् खिळा उजळला. बावीस वर्षं मी याचीच वाट पाहत होतो, आणि आता एकेका फडक्याबरोबर माझा जीव खालीवर होत होता. त्या पोरांना मी जसाच्या तसा हवा होतो ना? पण मला तोंड नाही. आणि खरं सांगू? असतं तरी त्या घटकेला मी ते उघडलं नसतं.

शुक्रवारी सकाळी कीलीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच बसली.

"हा कोण?" हरून म्हणाला.

"तोच आहे," टॅम्सिन म्हणाली. "आंघोळ केलीय त्याने."

कीलीने चौकोनांचा कागद काढून पाहिला. अकरा चित्रांत मी मळका होतो, बाराव्यात लखलखीत. सोमवारी फिल्म द्यायची होती. हरून स्वयंपाकाच्या वर्गातून पीठ घेऊन आला आणि चाळणीने माझ्यावर भुरभुरलं. कॅमेऱ्यातून पाहून म्हणाला, "केक दिसतोय." त्याने ते झटकलं. मग चहाची ओली पुडी चोळून पाहिली. मेण लावलेल्या चामड्यावरून चहा सरळ खाली ओघळला.

एवढ्यात मिस्टर ऑग्डन हसतमुखाने आले. "कसा दिसतोय?"

"तुम्ही केलंत हे?" कीलीने विचारलं.

"मग काय, तीन तास लागले. आज चारला भंगाराची गाडी येणार त्याला न्यायला. म्हटलं, जाताना तरी…" त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काही चुकलं का, पोरी?"

"भंगारात?" ती म्हणाली. "याला?"

कुणीतरी आता ओरडेल असं मला वाटलं. कुणी ओरडलं नाही. मिस पिकर्सगिल कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग कीली उठली, खोलीबाहेर गेली, आणि तिथून तिने माझ्याकडे वळून पाहिलं. आत आली, पुन्हा बाहेर गेली, पुन्हा तिने वळून पाहिलं. माझा तर गोंधळ उडाला.

"हरून," ती हळू आवाजात म्हणाली, "खोलीला कुलूप. आत एक मेलेली मुलगी. घोड्यावर बावीस वर्षांची धूळ आणि रक्त. पुढच्या क्षणी मुलगी नाही, रक्त नाही, आणि घोडा चकचकीत. कुणी पुसला?"

हरूनच्या हातातली चाळणी खाली आली. "बाप रे. बोटांच्या ठशांपेक्षा वाईट आहे हे."

"कुणीतरी त्याची काळजी घेतंय," टॅम्सिन म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या हातातल्या चिप्स तशाच राहिल्या.

मित्रांनो, इथे माझं लाकूड चक्रावलं. मळका होतो तर मी सुंदर. स्वच्छ झालो तर मी भयंकर. मायेने पुसणारा माणूस, तर तो भूत. पण मुलं कामाला लागली. कॅमेरा जमिनीलगत ठेवून त्यांनी मला एकट्याला टिपलं. मग नुसत्या आवाजासाठी हरूनने मिस्टर ऑग्डनांच्या मनगटाजवळ माइक धरला.

"अभिनय करायचा का मी?" त्यांनी विचारलं.

"नको. काल पुसलंत तसंच पुसा."

त्यांनी पुसलं. सर्र, सर्र, सर्र. एवढाच आवाज. पुसता पुसता त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले. मुलं पुतळ्यासारखी उभी होती. "कट," कीली म्हणाली, तरी ते थोडा वेळ पुसतच राहिले.

सामान आवरताना कीलीने विचारलं, "मिस, परीक्षकांनी पुन्हा शूट करायला सांगितलं तर? घोडा नसेल तर काय करायचं?"

मिस पिकर्सगिलांनी गार चहाचा घोट घेतला. त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. "तर मोठीच पंचाईत," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत कधी सांगितलेलं नाही त्यांनी. पण सांगणारच नाहीत, असं मी लिहून देऊ शकत नाही."

"निकाल कधी?" मिस्टर ऑग्डनांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

चार वाजता गाडी आली. जाळी गेली, चेंडू गेले. गाडीवाला हातमोजे ओढत माझ्याकडे आला आणि त्याने माझे पुढचे पाय धरले. तेवढ्यात मिस्टर ऑग्डनांनी माझे मागचे पाय धरले. मला वाटलं, उचलायला धरले. पण ते काही उचलेनात.

"हा नाही," ते म्हणाले.

"यादीत आहे."

"यादीत आहे, पण परीक्षेत पण आहे."

गाडीवाल्याने माझे पाय सोडले. "घोडा परीक्षेला बसलाय?"

"उभा आहे. ऑगस्टपर्यंत." आणि त्यांनी बोट दाखवलं. दाराला मिस पिकर्सगिलांची सही असलेला कागद चिकटवलेला होता: परीक्षेचे साहित्य. हलवू नये. पुसू नये. या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना न घाबरणारी पोरं आहेत, पण परीक्षेचा कागद दारावर दिसला की बाईसुद्धा टाचा उचलून चालतात. गाडी माझ्याविना गेली. सायकली पावसात राहिल्या.

आता मी ऑगस्टची वाट बघत उभा आहे. निकालानंतर माझं काय होणार, मला ठाऊक नाही. त्या मुलीला कुणी मारलं, तेही ठाऊक नाही. ज्यांनी मारलं त्यांनाही ठाऊक नाही, कारण दोन मिनिटं तिथेच संपतात. मिस्टर ऑग्डन रोज सकाळी दारात येतात. माझ्या पाठीवर पुन्हा धुळीचा पातळ थर बसला आहे. ते तो पाहतात, खिशातल्या फडक्यावर हात ठेवतात, दारावरचा कागद वाचतात आणि निघून जातात. मला हलवू न देणाऱ्या कागदानेच त्यांना मला पुसायलाही बंदी केली आहे. चांगलं झालं की वाईट, ते तुम्हीच ठरवा. डोकं तुम्हाला आहे.

एकच मागतो. तुमच्याही घरात, शाळेत कुणी जुनं कोपऱ्यात उभं असेल. त्याला निरोपाच्या आदल्या दिवशी पुसू नका. त्याचं त्याला काही समजत नाही, उगाच जीव घाबरतो. मधल्याच एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, जाता जाता एक फडका मारा. आणि मारायच्या आधी तेवढं विचारून घ्या, त्याचं शूटिंग चालू आहे का.